विमान इंदूरला वळलं ते आमच्या नानांमुळे का?

शिरपूरचा जितू

प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगतो. विमानात काम केलेलं कोणी इथे असेल तर उत्तर द्या. बाकीचे टिंगल करणार हे गृहीत धरलंय.

आषाढात आई, काकू आणि आमच्या गल्लीतले नाना अशा तिघांना घेऊन काशी करून आलो. जाताना भुसावळहून महानगरी, येताना वाराणसी ते मुंबई विमान. तिघांचाही पहिलाच विमानप्रवास. ठाण्याला बहिणीकडे एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सने शिरपूर, असा बेत.

खिडकी मला मिळाली. फोन एअरप्लेन मोडवर असला तरी जीपीएस चालतं, आणि नकाशा मी आधीच उतरवून ठेवला होता. निळा ठिपका भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव असा रेल्वेच्या रुळांवरून चालल्यासारखा गेला. खाली नुसते ढग. इगतपुरीच्या अलीकडे कुठेतरी ठिपका वळला आणि लांबट गोल घ्यायला लागला. एक झाला, दोन झाले, तिसरा झाला. आई म्हणाली, "हाई इमान सारंगखेडाना जत्रामधला पायनागत गोल कसाले फिरी राह्यनं रे?" कॅप्टन एकदाच बोलले होते: मुंबईत जोराचा पाऊस, पुढे बरीच विमानं, थोडा वेळ लागेल. मग पंचवीस मिनिटं चिडीचूप.

आणि मग नाना पडले. त्या दिवशी एकादशी. सकाळी थोडी भगर, नंतर दिवसभर चहावर. पट्ट्याचा दिवा विझला म्हणून बाथरूमला उठले, दोन पावलं गेले आणि सीटांमधल्या वाटेत धपकन कोसळले. ७२ वर्षांचा माणूस. मी उठेपर्यंत एक मुलगी गुडघ्यावर बसून त्यांच्या कानाशी बोलतही होती. दुसरीने हिरवी पेटी आणि ऑक्सिजनची नळकांडी आणली. तिसरी पुढे फोनला चिकटली. चौथी मात्र नुसती उभी राहून आमच्याकडे बघत होती, त्याचा मला तेव्हा राग आला. डॉक्टर आहे का म्हणून पुकारा झाला. मागून एक बाई आल्या, तर आधी त्यांचं ओळखपत्र मागितलं! इकडे माणूस पडलाय आणि तुम्ही कार्ड बघताय. नानांचे पाय एका बॅगेवर ठेवले, ऑक्सिजन लावला, चार-पाच मिनिटांत डोळे उघडले. मग साखरेचं पाणी.

त्यानंतर दहा मिनिटांनी घोषणा: आपण इंदूरला जात आहोत.

झालं. मागच्या सीटवरून एक जण मोठ्याने म्हणाला, "एका म्हाताऱ्यासाठी दीडशे लोकांना इंदूरला नेतायत." नानांनी ते ऐकलं.

ठिपका परत उलटा निघाला. धुळ्यावरून आला आणि आमच्या शिरपूरवरून, अगदी करवंद नाक्यावरून गेला हो! इंदूरला उतरलो, तर शेजारी आणखी चार विमानं उभी. आम्ही आत तीन तास दहा मिनिटं. मी विचारलं, आम्हाला इथेच उतरू द्या. सेंधवा घाट उतरला की आमचं गाव, चार-साडेचार तासांत घरी. नाही म्हणाले. दोन तासांनी म्हणाले उतरता येईल, पण बॅगा शोधून काढाव्या लागतील. तेव्हा आई अडून बसली, कारण गंगाजलाचा गडू खालच्या बॅगेत. त्याच्याशिवाय ती विमानातून पाय काढायला तयार नव्हती. मध्येच इंधन भरायला गाडी आली तर म्हणे पट्टे सोडून बसा. एरवी पट्टा बांधा, पट्टा बांधा. रात्री दोनला मुंबई.

आता मुद्दा. पुढच्या महिन्यात आमच्याकडे मावंदं आहे आणि नाना यायला तयार नाहीत. "माझ्यापायी सगळ्यांची फरफट झाली, मी कुठल्या तोंडाने जेवायला बसू?" एवढंच म्हणतात. मला खरं काय ते कळलं पाहिजे. विमान पावसामुळे वळलं की नानांमुळे? आणि पावसामुळे असेल तर औरंगाबाद, नाशिक सोडून इंदूर का? तेवढा वेळ कोणी काही बोलत का नव्हतं? जळगावलाही विमानतळ आहे की, प्रतिभाताई राष्ट्रपती असताना झालेला!

धुळेकर आप्पा

जितू, एवढा विचार करू नको. कंपनीला जिथे स्वस्त पडतं तिथे नेतात. "तांत्रिक कारण", "हवामान" ही छापील वाक्यं आहेत. एसटी बंद पडली तर कंडक्टर निदान खाली उतरून बोनेट उघडून दाखवतो. इथे पडद्यामागे काय चाललंय ते कळतच नाही. पाणी तरी दिलं का तीन तासांत?

निंभोऱ्याची लेक

जितूभाऊ, आधी नानांना एवढं वाचून दाखवा: विमान तुमच्यामुळे वळलं नाही.

तुम्हीच लिहिलंय की इंदूरला शेजारी आणखी चार विमानं उभी होती. त्या चारही विमानांत एकेक नाना पडले होते का?

मी बारा वर्षं केबिन क्रू होते. बाबा निंभोऱ्याला स्टेशन मास्तर, बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. नोकरी सोडून आता जळगावला सासरी असते. कंपनी कोणती ते विचारू नका, इथे त्याचा संबंध नाही.

आता घड्याळ लावून बघू. विमान निघायच्या आधीच, वाराणसीला तुम्ही रांगेत उभे असताना, मुंबईला उतरता आलं नाही तर कुठे जायचं ते कागदावर लिहिलेलं असतं. तेल त्या हिशोबाने भरतात. वाराणसी ते मुंबईचं, त्यावर साधारण ५ टक्के वरखर्चाला, मुंबईपासून त्या दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि सगळ्याखाली शेवटची ३० मिनिटं. या ३० मिनिटांना कोणी हात लावत नाही. उतरताना त्यातलं तेल वापरावं लागणार असं दिसलं तर कॅप्टनला सरळ 'मेडे' म्हणावं लागतं, म्हणजे जिवावरच्या संकटाची हाक. पावसाळ्यात कॅप्टन याच्यावर आणखी थोडं जास्तीचं मागून घेतो. तुम्ही जे गोल फिरलात ते त्या जास्तीच्या तेलावर. ते संपत आलं की निघायचं, समोर मुंबईचे दिवे दिसत असले तरी. "अजून पाच मिनिटं थांबून बघू" हा मोह ज्याला आवरत नाही त्याने ती खुर्ची सोडावी, असं माझे एक जुने कॅप्टन म्हणायचे. तुमच्या हिशोबाने तिथे चाळीसेक मिनिटं झाली. निघायचं मिनिट नाना पडायच्या आधीच ठरलेलं होतं, फक्त तुम्हाला ते नंतर ऐकू आलं.

आणखी एक. नानांसाठी काही करायचं असतं तर कॅप्टनने 'पॅन-पॅन' (मेडेच्या खालची, तातडीची हाक) किंवा 'मेडे' पुकारून बाकीच्यांना बाजूला सारून पुढचा नंबर मागितला असता. तसं मागणाऱ्याला रांगेत मागे ठेवत नाहीत. आजारी माणूस घेऊन कोणी पन्नास मिनिटं लांबच्या गावाला जात नाही, जवळचं दार उघडं असेल तर. मुंबईचं दार त्या वेळी सगळ्यांनाच बंद होतं. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत पण एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी कामाला एकच. ती वीस मिनिटं थांबली की वर आकाशात मालगाड्यांसारखी रांग लागते.

इंदूर का? कारण तुमच्यासारख्या पंधरा विमानांनी त्याच दहा मिनिटांत जागा शोधायला सुरुवात केलेली असते. सुरत भरलं, औरंगाबादला उभं करायला जागा मोजकी, अहमदाबादवर कदाचित तोच पाऊस. विमानतळ नुसता जवळ असून भागत नाही. धावपट्टीची लांबी लागते, विमानाच्या आकाराला पुरेल एवढं अग्निशमन दल लागतं, रात्री तिथे माणसं कामावर लागतात, तेल लागतं, शिडी लागते. जळगावला एटीआर उतरतं, ७०-७२ सीटांचं, पंख्याचं. तुमचं मोठं जेट तिथे आणून बसवलं तर ते जळगावचं प्रेक्षणीय स्थळ झालं असतं. आणि तुमच्या शिरपूरलाही धावपट्टी आहे की, पायलट शिकवणाऱ्या शाळेची! तिथे उतरवा म्हणाला नाहीत हे नशीब.

आता तुम्हाला राग आलेल्या चौथ्या मुलीबद्दल. नियमाने दर ५० सीटांमागे एक क्रू लागते, म्हणून तुमच्या विमानात त्या चौघी. माणूस पडला की जी पहिली पोचते ती त्याला सोडून हलत नाही. दुसरी पेटी आणि ऑक्सिजन आणते. तिसरी कॅप्टनला इंटरकॉमवर सांगत राहते: वय, शुद्ध, श्वास, रंग. चौथीने त्या माणसाकडे बघायचंच नाही. बाकीच्या दीडशे लोकांकडे बघायचं. कोण उठून गर्दी करतोय, कोणाची काकू घाबरून रडतेय, मागे बाथरूमजवळ कोणी सिगारेट तर पेटवत नाही ना. सगळ्यात अवघड काम तेच, कारण सगळं अंग पुढे धावत असतं आणि उभं राहायचं असतं.

गप्प का होते, ते सांगते. कॉकपिटमध्ये दोन माणसं. एक विमान चालवतो, दुसरा बोलतो. कंट्रोलरशी, कंपनीशी, इंदूरचं हवामान, तेलाचा आकडा, जागा आहे का, उत्तर आलं का. आमच्याकडे पहिला धडा असा: आधी विमान उडतं ठेवा, मग दिशा धरा, मग बोला. प्रवाशांशी बोलणं या यादीत सगळ्यात खाली येतं. १०,००० फुटांखाली तर कॉकपिटला कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही. म्हणून हवेतल्या त्या पंचवीस मिनिटांसाठी मी कोणाला दोष देणार नाही. जमिनीवरच्या तीन तासांचं वेगळं आहे, त्याबद्दल आप्पांचं थोडं बरोबर आहे, नंतर लिहिते.

कॅप्टन आधी आमच्याशी बोलतात, तेही चारच गोष्टी. काय झालंय. आपण काय करणार. वेळ किती. आणखी काही खास सूचना. आम्ही त्या चारही परत म्हणून दाखवायच्या आणि घड्याळ लावायचं. म्हणून दाखवल्याशिवाय ते बोलणं झालं असं धरतच नाहीत. ट्रेनिंगमध्ये हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, कारण हे मी निंभोऱ्याच्या केबिनमध्ये रोज ऐकलं होतं. बाबा फोनवर पुढच्या स्टेशनला गाडीचा नंबर सांगायचे, तिकडून प्रायव्हेट नंबर, म्हणजे होकाराचा खुणेचा आकडा यायचा, बाबा तो मोठ्याने परत म्हणायचे आणि मगच वहीत लिहायचे. नंबर ऐकला म्हणजे झालं नाही. म्हणून दाखवला की झालं.

आणि आम्ही सारख्या हसत कशासाठी असतो? जितूभाऊ, तुम्ही विचारलं नाहीत पण सगळे विचारतात. विमान जरा हललं की दीडशे माणसं खिडकीबाहेर बघत नाहीत, आमच्या तोंडाकडे बघतात.

आता माणसासाठी विमान खरंच वळतं तेव्हा काय होतं, ते सांगते. एकदा दिल्लीहून बंगळूरला जाताना, रात्रीची वेळ, बाराव्या रांगेतल्या बाईंनी बेल दाबली. म्हणाल्या, हे उठत नाहीत. पन्नाशीचे गृहस्थ. हाक मारली, खांदे हलवले. श्वास नाही. सीटवर छाती दाबता येत नाही, खाली कडक जमीन लागते, म्हणून दोघींनी काखेत धरून पुढच्या गॅलीत, म्हणजे आमच्या चहा-जेवण ठेवायच्या जागेत, ओढत आणलं. त्यांचा एक बूट वाटेत राहिला. मी दाबायला सुरुवात केली. तीस वेळा दाबायचं, दोन श्वास. दोन मिनिटांनी बदली. गॅलीच्या जमिनीला खाली पट्ट्या असतात, त्या गुडघ्यात रुततात, ते तेव्हा कळत नाही. कॉफीचं भांडं कोणाच्या तरी धक्क्याने सांडलेलं, माझा सलवारचा पाय भिजलेला. शॉकचं यंत्र लावलं, ते यंत्र स्वतःच बोलतं, बाजूला व्हा म्हणतं. कॅप्टनचा फोन: नागपूर, बावीस मिनिटं. मी "नागपूर, बावीस" असं परत म्हटलं, दाबता दाबता. दुसऱ्या शॉकनंतर त्यांच्या मानेत बोटाला ठोका लागला. नागपूरला मागच्या दारात अँब्युलन्स उभी होती, स्ट्रेचरवरून गेले तेव्हा श्वास चालू होता. पुढे काय झालं ते आम्हाला कळत नाही. कधीच कळवत नाहीत. बूट मात्र मी धावत जाऊन त्यांच्या बाईंच्या हातात दिला.

त्यानंतर तासाभराने तेच विमान उडालं आणि मी पाण्याचे ग्लास वाटले. एका काकांनी विचारलं, "मॅडम, उशीर कशामुळे झाला?" ते पुढच्या रांगेत झोपले होते, त्यांना काही माहीतच नव्हतं. गुडघे आठवडाभर काळेनिळे होते. तर असं विमान माणसासाठी वळतं, आणि तेव्हा कोणाला शंका राहत नाही.

नंदुरबारचा डॉक्टर

ताईंनी मुख्य सांगितलंच आहे. कार्डाबद्दल मी सांगतो, कारण मलाही एकदा मागितलं होतं आणि मीही चिडलो होतो.

विमानात पेट्या दोन. पहिली साध्या प्रथमोपचाराची, ती क्रू स्वतः उघडते. दुसरी सीलबंद, तिच्यात इंजेक्शनं, सलाईन, घशात घालायच्या नळ्या. ती कोणाच्याही हातात देता येत नाही. पुकारा ऐकून उत्साहाने उठणाऱ्यांत मेडिकल स्टोअरवाले आणि होमिओपॅथीच्या पहिल्या वर्षाची पोरंही असतात. दहा सेकंद कार्ड बघण्यात गेले तर काही बिघडत नाही, तेवढ्यात क्रूने पाय वर केलेलेच असतात. शिवाय अनेक कंपन्यांना जमिनीवरून डॉक्टर रेडिओ किंवा फोनवर सल्ला देतात. वर बसलेल्या डॉक्टरने कितीही ठासून सांगितलं तरी विमान वळवायचं का, हा निर्णय शेवटी कॅप्टनचाच.

स्टेथोस्कोप तिथे शोभेची वस्तू. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, रक्तदाब मनगटावर बोट ठेवून अंदाजाने काढावा लागतो.

नानांना काय झालं असावं? तपासल्याशिवाय ठाम सांगणार नाही, पण ऐकून तरी साधी घेरी वाटते. विमानाच्या आतली हवा ६ ते ८ हजार फुटांवरच्या डोंगरावर असते तितकी विरळ ठेवलेली असते. ८ हजार फूट म्हणजे आपल्या तोरणमाळच्या दुपटीहून उंच, कळसूबाईच्याही वर. त्यात उपवास, पाणी कमी, तास-दोन तास पाय लोंबते, आणि एकदम उठणं. रक्त पायात राहतं, डोक्याला कमी पडतं. २०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जवळपास १२ हजार हवाई आजारपणांचा अभ्यास आला होता. साधारण ६०४ उड्डाणांमागे एक घटना, आणि त्यांतली ३७ टक्के प्रकरणं हीच, घेरी येण्याची. विमान वळवावं लागलं ते फक्त ७ टक्क्यांच्या आसपास. घेरी येऊन पाच मिनिटांत डोळे उघडून साखरपाणी प्यायलेल्या माणसासाठी विमान वळवत नाहीत. हे वाक्य माझ्या नावाने नानांना सांगा.

मात्र एकदा ईसीजी आणि साखर तपासून घ्या. ७२ वय आहे. बीपीची गोळी उपवासाला चालू होती का, तेही विचारा.

शिरपूरचा जितू

डॉक्टरसाहेब, गोळी चालू होती! उपाशीपोटी. काकूला विचारलं तेव्हा कळलं. उद्याच नेतो.

ताई, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. नानांकडे संध्याकाळी जाईन. चार विमानांचं मला का सुचलं नाही देव जाणे, तिथे बसून मीच ती मोजली होती. पण इंदूरच्या तीन तासांचं सांगा ना.

धुळेकर आप्पा

हो, तेच. हवेतलं मान्य. जमिनीवर दार उघडायला काय हरकत होती? आणि माझं पाण्याचं उत्तर अजून आलं नाही.

निंभोऱ्याची लेक

आप्पा, पाणी द्यायलाच हवं होतं, आणि दिलं नसेल तर त्याला उत्तर नाही. विमानात पाणी मोजूनच असतं, पण इंदूरसारख्या ठिकाणी मागवता येतं. लांबलेल्या प्रवासात खाणंपिणं देणं कंपनीवर नियमाने बंधनकारक आहे. पावसामुळे झालं म्हणून नुकसानभरपाई मिळत नाही, पण जेवणाला पावसाचं कारण चालत नाही.

न बोलण्याचंही तसंच. हवेत गप्प बसलं तर समजून घ्या, जमिनीवर नाही. मी दर वीस मिनिटांनी माइक घ्यायचे. बहुतेक वेळा सांगायला काही नसायचं, तर तेच सांगायचे: "मलाही अजून वेळ कळलेली नाही, कळली की पहिल्यांदा तुम्हाला सांगेन." लोक त्यावरही ओरडतात, पण कमी ओरडतात. आमच्यातल्या कित्येक जणी आणि काही कॅप्टनही माइकपासून पळतात, हे खरं आहे. प्रवाशांना वाटतं क्रूला माहीत आहे आणि लपवतायत. दहातल्या आठ वेळा क्रू तुमच्यासारखीच फोनवर बातम्या बघत असते.

दार का नाही. पाच विमानं एकदम अशा गावात उतरली की शिड्या दोन आणि तेलाच्या गाड्या दोन. लोक खाली उतरवले तर बसने टर्मिनल, परत सुरक्षा तपासणी, परत मोजणी, तेवढ्यात मुंबईने "या" म्हटलं की तुमचा नंबर गेला, दुसऱ्याने घेतला. म्हणून आत बसवून ठेवतात. आणि या सगळ्यात क्रूचं ड्यूटीचं घड्याळ चालू असतं. कॅप्टनचे तास संपले तर मुंबई उघडूनही विमान हलत नाही, नवा क्रू येईपर्यंत सकाळ. तुम्ही रात्री दोनला पोचलात ना, ते थोडक्यात वाचलात. २०२३ च्या जूनमध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनच्या बिघाडामुळे रशियात मगदानला उतरलं होतं, २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. तिथे कंपनीचा एकही माणूस नाही, लोकांना वसतिगृहांत आणि शाळेत झोपवलं, दुसरं विमान भारतातून पाठवलं. इंदूरला रात्रीच्या खाण्याचा सराफा बाजार तरी होता, बाहेर सोडलं असतं तर!

बॅगेचं मात्र ऐका, कारण इथे कोणी आडमुठेपणा करत नव्हतं. जो माणूस विमानात नाही त्याची बॅग विमानात न्यायची नाही. १९८५ मध्ये कनिष्क विमान पडलं, ३२९ माणसं गेली. त्यातला बॉम्ब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. तेव्हापासून हा नियम सगळीकडे आवळला गेला. तुम्ही चौघं उतरलात तर पोटातल्या दीडशे बॅगांतून तुमच्या काढायच्या, भर पावसात, अंधारात, आणि वजनाचा कागद नव्याने करायचा. त्यात तासभर गेला असता आणि मागचा तो माणूस म्हणाला असता, आता या शिरपूरवाल्यांमुळे. आईंनी गडू सोडला नाही ते बरंच झालं.

पट्टे सोडायला सांगितले ते तेल भरताना आग लागली तर एका क्षणात उठता यावं म्हणून. तेव्हा आम्ही दारांजवळ उभ्या असतो, गप्पा मारताना दिसलो तरी एक डोळा बाहेर असतो. विमानाला परवाना मिळतो तोच मुळी अर्धी दारं बंद धरून ९० सेकंदांत सगळे बाहेर आले तर. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरतं विमान धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. पेटलेल्या मोठ्या विमानातून ३७९ च्या ३७९ जिवंत बाहेर पडले. बॅगा आतच ठेवून. आपल्याकडे तर चाक जमिनीला लागलं की वरचे कप्पे उघडतात. मला बारा वर्षांत सगळ्यात जास्त भीती आगीची नाही, कप्प्यातून बॅग काढायला थांबणाऱ्या माणसाची वाटली. आणि तुमच्या आई, गडू हातात असता तर? त्यांच्यापुढे मी काय म्हणाले असते कोण जाणे.

शिरपूरचा जितू

नानांचा ईसीजी नीट निघाला. साखरही ठीक. डॉक्टरांनी बीपीच्या गोळीची वेळ बदलली आणि एकादशीला दूध-केळी घ्यायला सांगितलंय. केळी घ्या म्हटल्यावर नाना म्हणाले, "रावेरनी का?" म्हणजे माणूस जागेवर आला.

काल त्यांच्या ओसरीवर बसून सगळं वाचलं. चार विमानांच्या वाक्याला नाना काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या मागच्या माणसाले कोणी सांगी का हाई?" त्याचा पत्ता कुठून आणू, मी म्हटलं. मावंद्याला येतो म्हणालेत. वाढायला उभं राहीन, पहिल्या पंगतीला बसणार नाही, असं म्हणतात. ते आई बघून घेईल.

निंभोऱ्याची लेक, तुमच्या त्या नागपूरच्या गोष्टीनंतर आई बराच वेळ गप्प होती. आज सकाळी चहा घेता घेता एकदम म्हणाली, "त्या पोरले इचार, तिना गुडघा आते बरा शेतस का?"

निंभोऱ्याची लेक

बरे आहेत म्हणावं. जिना चढताना डावा कुरकुरतो. मावंद्याची तारीख कळवा, मांडे असतील तर येते.